तंबूतला पिक्चर ते मोबाईल: पासष्टीतल्या माणसाने पिक्चर बघायच्या किती पद्धती पाहिल्या?

रात्री जेवण झालं की मोबाईल उशीला टेकवायचा, पिक्चर लावायचा, गाणं आलं की दहा-दहा सेकंद पुढं ढकलायचं आणि झोप आली की उरलेला उद्या.

आज पासष्टीत असलेल्या माणसाला लहानपणी हे सांगितलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं. तेव्हा पिक्चर थांबायचा तो फक्त रीळ तुटल्यावर. मग शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेतला जायचा.

१९६० च्या आसपास पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या खेड्यात जन्मलेला माणूस घ्या. त्याचा पहिला पिक्चर बहुतेक जत्रेतला. टुरिंग टॉकीज ट्रकमधून यायची, माळावर तंबू पडायचा, अंधार झाला की खेळ सुरू. बसायला जमीन. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे तीन तासांचा पिक्चर हा जवळपास पाच किलोमीटर लांबीचा ऐवज! तो डब्यांत भरून गावोगाव फिरायचा. जत्रा उठली की पिक्चरही गेला. ज्याचा चुकला त्याने बघून आलेल्याकडून स्टोरी ऐकायची.

गणपतीत गल्लीत पांढरा पडदा बांधून १६ मिलिमीटरवर पिक्चर दाखवायचे. पुढं जागा नाही मिळाली तर पडद्याच्या मागं बसायचं. तिकडून सगळं उलटं दिसायचं, हिरो डावखुरा व्हायचा, पण तक्रार कोण करणार?

तालुक्याच्या टॉकीजची गोष्ट वेगळी. प्रिंट महाग, त्यामुळे त्या मोजक्याच निघायच्या. पिक्चर आधी मोठ्या शहरांत लागायचा आणि तालुक्याला यायला कित्येक महिने जायचे. १५ ऑगस्ट १९७५ ला आलेला ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला, याचं आज आश्चर्य वाटतं. पिक्चर भारी होताच, पण तो पुन्हा बघायचा तर पुन्हा तिकीट काढण्याशिवाय दुसरा मार्गच नव्हता. घरी नेता येत होते ते फक्त संवाद, म्हणून त्याच्या संवादांच्या रेकॉर्डी तुफान खपल्या.

या टॉकीजमध्ये आणखी एक गोष्ट होती. पुढं पिटात हमाल आणि वर बाल्कनीत डॉक्टर, दोघांची तिकिटं वेगळी पण खेळ एकच. शिट्टी खालून वाजायची आणि हसू वरही फुटायचं.

मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढं शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी पिक्चर हा नेमच झाला. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अख्खी आळी. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर भाड्याने मिळू लागला. वर्गणी काढून एका रात्रीत तीन-तीन कॅसेट संपवायच्या. पिक्चर थांबवायचं बटण सामान्य माणसाच्या हाती आलं ते इथं. घरातली माणसं टॉकीजला जाणं कमी झालं तेही इथूनच. म्हणून तर १९९४ ला ‘हम आपके है कौन’ आला तेव्हा निर्मात्यांनी त्याची व्हिडिओ कॅसेट सुरुवातीला बाजारात येऊच दिली नाही. कुटुंबंच्या कुटुंबं पुन्हा थिएटरात आली.

पण खरा फरक पडला मल्टिप्लेक्समुळे. देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स १९९७ ला दिल्लीच्या साकेतमध्ये सुरू झालं. महाराष्ट्र सरकारनेही २००१ मध्ये मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली. हजार खुर्च्यांच्या एका टॉकीजऐवजी दोनेकशे खुर्च्यांचे चार-पाच पडदे आले. एसी आला, खुर्च्या मऊ झाल्या. आणि पिट गेलं.

‘लोकांची सवय बदलली’ असं आपण सहज म्हणतो. पण पिटातल्या माणसाने पिक्चर सोडला नव्हता, त्याला परवडेल अशी खुर्चीच उरली नाही. एप्रिल २०१६ मध्ये ‘सैराट’ आला तेव्हा ग्रामीण भागातल्या थिएटरांना मध्यरात्री आणि पहाटेही खेळ लावावे लागले. ही गर्दी कुठून आली? ती तिथंच होती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. पिटातल्या माणसाला पिक्चर परत मिळाला, सहा इंचांच्या पडद्यावर, कानात हेडफोन घालून. आता शिट्टी मारली तर घरातलेच उठून बघतात.

मुंबई सेंट्रलसमोरच्या मराठा मंदिरात मात्र ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ अजून लागतो. तिथलं तिकीट आजही शंभर रुपयांच्या आत आहे. तोच पिक्चर मोबाईलवरही आहे. तरी गाडीला वेळ असलेला एखादा प्रवासी बॅग पायाशी ठेवून तिथं बसतो आणि पुढचा संवाद पडद्याच्या आधी स्वतः म्हणतो.