हात सोडवून घेण्याची विद्या

तातडीची वाट : भाग ९

जालन्याकडून मंठ्यामार्गे जिंतूरला जाणारा रस्ता आणि सेलू-पाथरीकडे उतरणारा रस्ता जिथे मिळतात, तो देवगाव फाटा. तालुका सेलू, जिल्हा परभणी. कापसाच्या आणि उसाच्या हंगामात अशा रस्त्यांवरून रात्री-अपरात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावतात, बऱ्याचशा मागच्या दिव्याविना. एखादी दुचाकी अशा ट्रॉलीवर आदळली की १०८ ची गाडी पोचायच्या आधी गर्दी पोचलेली असते. ही गर्दी वाईट नसते. जखमीला डांबरावरून कडेला घेणारी, त्याच्या खिशातला मोबाइल काढून घरी कळवणारी, वाहतूक थोपवणारी माणसं तीच. पण गाडी येऊन थांबते, डॉक्टर खाली उतरतात आणि पहिलं वाक्य कानावर पडतं : “कवाधरनं फोन लावायलोत, आत्ता आलाव व्हय?”

मागच्या भागात आपण रक्तस्राव थांबवण्याबद्दल बोललो. आज या वाक्यानंतरच्या पाच मिनिटांबद्दल. गाडीतल्या माणसांनी स्वतःला कसं वाचवायचं, आणि त्यासाठी कराटे, ज्युदो किंवा तायक्वांदो शिकून काही हाती लागतं का?

आधी गाडीत किती माणसं असतात ते पाहू. महाराष्ट्रात १०८ ची ही रुग्णवाहिका सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिका घेऊन. त्यांतल्या २३३ प्रगत उपकरणांच्या, ७०४ मूलभूत. फोन उचलला जातो पुण्यात, औंधच्या नियंत्रण कक्षात. गाडीत एक डॉक्टर, बहुतेक वेळा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर, आणि एक चालक, ज्याला सगळे ‘पायलट’ म्हणतात. बस्स. तिसरं माणूस नाही. रात्रपाळीला डॉक्टर बाई असल्या तरी दोघंच. साइडपट्टीच्या उतारावरून भरलेलं स्ट्रेचर वर चढवायला चार हात पुरत नाहीत, म्हणजे मदतीला ज्यांना हाक मारायची, तीच माणसं या घडीला चिडलेली असतात. सगळ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. दवाखान्यात डॉक्टरांच्या मागे दार असतं, वॉर्डबॉय असतो, निदान टेबल तरी असतं. फाट्यावर मागे असते फक्त गाडी.

राग येतो कशातून? उशिरातून, हे उघड आहे. ग्रामीण भागात अर्ध्या तासात पोचणं हे सेवेचं उद्दिष्ट. पण ज्याचा भाऊ समोर रक्ताच्या थारोळ्यात पडलाय त्याच्या लेखी अर्धा तास म्हणजे अख्खी रात्र. त्यात पुण्यातून विचारणा होते, कुठलं देवगाव? तालुका कोणता? या नावाची गावं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, तेव्हा विचारावंच लागतं. इकडे फोन धरलेल्या माणसाला मात्र वाटतं, हे वेळकाढूपणा करायलेत. पुढे डॉक्टर आल्यावर जे करतात तेही बघणाऱ्याला काहीच न केल्यासारखं दिसतं. आधी आजूबाजूला नजर टाकायची, हातमोजे घालायचे, मान हलू न देता बघायचं, नाडी मोजायची, नोंद करायची. “माणूस मरायलाय अन् हे लिहायलेत!” ठिणगी पडायला एवढं पुरतं.

तिसरं कारण एका शब्दात मावतं : रेफर. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला, मेंदूचे शल्यचिकित्सक तिथे नव्हते, म्हणून दुसरीकडे न्यायला सांगितलं गेलं. जमावाने निवासी डॉक्टरला असं मारलं की त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचलं. दिल्लीत एम्सच्या निवासी डॉक्टरांनी डोक्यावर हेल्मेट चढवून रुग्ण तपासले आणि मे महिन्यात तिथल्या संघटनेने तायक्वांदोचे वर्ग भरवायचं ठरवलं. वर्तमानपत्रांना ती बातमी गमतीची वाटली. मला ती गमतीची वाटत नाही, पण निवड चुकली असं मात्र वाटतं.

तायक्वांदो ही लाथेची विद्या. उंच, झपाट्याची, गुण मिळवून देणारी लाथ. रुग्णवाहिकेच्या मागच्या भागात स्ट्रेचर, ऑक्सिजनचं सिलिंडर आणि नातेवाईक यांच्यामधून सरळ उभं राहता आलं तरी नशीब. शिवाय ज्याला लाथ बसेल तोही पाच मिनिटांनी आपलाच रुग्ण. कुस्ती आणि कराटे ज्या निकालासाठी शिकवतात, तो निकाल या कामात उपयोगाचा नाही. इथे गुरू मानायचा तर कबड्डीतल्या चढाईवाल्याला मानावं. तो एकटा सात जणांच्या अंगणात शिरतो, काम करतो, आणि पकड पडली तरी मधल्या रेषेपर्यंत परत येण्यासाठीच सगळी ताकद लावतो. सातही जणांना लोळवावं असं त्याच्याकडून कोणी मागत नाही.

जगात जिथे जिथे रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी असं शिक्षण नीट बसवलं गेलं, तिथे रोख याच दिशेला आहे. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत त्याचा मोठा भाग बोलण्याचा, आणि हाताने करायचा भाग पकडीतून निसटण्याचा. ब्रिटनने २०१८ मध्ये तातडीच्या सेवेतल्या माणसांवरच्या हल्ल्यांसाठी वेगळा कायदाही केला. त्यांच्याकडेही दारू पिऊन रुग्णवाहिकेवर धावून जाणारे कमी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात कधी ना कधी मारहाण सोसावी लागते.

आता प्रत्यक्ष हाताकडे येऊ. मनगट कोणी धरलं तर उलट्या दिशेने ओढत बसू नये. ओढाओढीत जो दांडगा तोच जिंकतो. कुठल्याही पकडीचं कच्चं ठिकाण म्हणजे अंगठा आणि बोटं जिथे भिडतात ती फट. आपलं कोपर स्वतःच्या अंगाला चिकटवून, एक पाऊल पुढे टाकून, मनगटाची कड त्या फटीतून फिरवली की बारीक अंगाची माणसंही सुटतात. केस धरले तर धरणाऱ्याचा हात दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर घट्ट दाबायचा, त्याने झटका बसत नाही. मग त्याच्या जवळ सरकून पुढचं. गळ्याला हात गेला तर हनुवटी छातीला, खांदे वर, आणि एक हात उंच करून सगळं अंग बाजूला वळवायचं. आणि स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून गर्दीत उतरू नये. तो फोटोत शोभतो, भांडणात मात्र फास होतो. खिशात ठेवावा. ओळखपत्राची दोरी ताणली की आपोआप सुटणारी घ्यावी.

याहून महत्त्वाचं आहे पडणं, म्हणजे नीट पडणं. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत ज्युदोची शाळा काढली. तिथे आजही नवख्याला डावाआधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीला, पाठ गोल, तळहात जमिनीवर आपटून धक्का वाटून द्यायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. आपल्या तालमीतल्या पोरांना हे लाल मातीत न सांगता येतं. गर्दीत ठोसा क्वचित बसतो, ढकलाढकली हमखास होते; आणि सांडलेल्या डिझेलवर पाय घसरायला भांडणही लागत नाही. मला विचाराल तर जिल्ह्याच्या ठिकाणी ज्युदोच्या शिक्षकाकडून एवढी एकच गोष्ट डॉक्टर-पायलटांना शिकवून घेतली तरी पैसे वसूल.

डाव किती शिकावेत? तीन, फार तर चार. छाती धडधडायला लागली की बोटांचं बारीक काम जातं, नजर अरुंद होते, आणि शिबिरात पाहिलेले चाळीस डाव एकदम विसरतात. दोन दिवसांचं शिबिर, प्रमाणपत्र आणि समूहछायाचित्र ही आपली रीत इथे घातकच, कारण तिने नुसती फुशारकी अंगात येते. दर आठवड्याला पाळी बदलताना पाच मिनिटं, पायलटने मनगट धरायचं, डॉक्टरांनी सोडवायचं, मग उलट. एवढं वर्षभर केलं तर हात स्वतःहून चालतात.

हात उचलावा लागण्याआधीचं सगळं तर पायांचं आणि तोंडाचं काम आहे. गाडी लावतानाच तोंड मोकळ्या रस्त्याकडे. उभं राहायचं तिरकं, एक पाऊल मागे, दोन हातांचं अंतर ठेवून. तळवे उघडे, छातीच्या उंचीवर. बघणाऱ्याला ती विनंती दिसते, आणि ढकललं तर तेच हात मध्ये येतात. चिडलेल्याला “शांत व्हा” कधी म्हणू नये. त्याने आजवर कोणी शांत झालेलं नाही. त्याला काम द्यावं. “मामा, तुम्ही इकडं या, डोकं दोन्ही हातांनी असं धरा, हलू देऊ नका. दादा, बॅटरी दाखवा. तुम्ही चौघं स्ट्रेचरला.” ज्याच्या हातात काम आहे त्याची मूठ वळत नाही. आणि करतोय ते मोठ्याने सांगत राहावं : नाडी लागतेय, आता ऑक्सिजन लावतोय, दोन मिनिटांत निघू. नोंद करतानाही सांगावं की ही पुढच्या दवाखान्यासाठी आहे, म्हणजे तिथे वेळ जाणार नाही. डॉक्टर-पायलटमध्ये एक खुणेचं वाक्य ठरलेलं असावं, “निळी बॅग आण” असलं साधं. ते ऐकलं की पायलट बॅग आणत नाही, इंजिन चालू करतो.

रुग्णाने स्वतः हात उगारला, तर मात्र सगळा हिशेब बदलतो. साखर उतरलेला मधुमेही शिव्या देतो, ओरबाडतो. मेंदूला मार बसलेला, प्राणवायू कमी पडलेला, नुकतंच फिट येऊन गेलेला माणूस असाच वागतो. आपल्या कापूसपट्ट्यात आणखी एक प्रकार : कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाला अॅट्रोपिन देतात, आणि ते जास्त झालं की तो भ्रमिष्टासारखा हातपाय झाडतो, नळ्या उपसतो. यांच्यापुढे पवित्रा घेऊन काय उपयोग? बोटाला टोचून साखर बघणं, नाकाला ऑक्सिजन लावणं, हाच इथला स्वसंरक्षणाचा डाव. आवरून धरावंच लागलं तर पालथं पाडून पाठीवर गुडघा कधीही नाही. श्वास कोंडून माणूस जातो. दोघांनी झटापट करण्यापेक्षा अंतर ठेवून ११२ ला पोलिसांसाठी फोन करावा, हे चांगलं. दारूच्या वासावरून ‘पिऊन आहे’ एवढंच ठरवू नये. पिणाऱ्याचंही डोकं फुटलेलं असू शकतं.

कायद्याने स्वतःला वाचवण्याचा हक्क दिलेला आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४, जुन्या दंडसंहितेत ते ९६ ते १०६ होते. कलम ३६ या कामाला नेमकं लागू पडतं : समोरचा वेडाच्या किंवा नशेच्या भरात असल्यामुळे गुन्हेगार ठरत नसला तरी त्याच्यापासून बचाव करण्याचा तुमचा हक्क तसाच राहतो. कलम ३७ लगेच लगाम घालतं : गरजेपेक्षा जास्त इजा नाही. हात सोडवून घेतल्यावर मारलेला ठोसा बचावात बसवणं अवघड, आणि आज तो ठोसा तेवढाच कुणाच्या तरी मोबाइलवर टिपला जाईल, आधीची पकड नाही.

हल्लेखोरासाठी राज्याचा २०१० चा कायदा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा अजामीनपात्र, मोडतोडीची भरपाई दुप्पट. कागदावर दमदार. पण तक्रार देणार कोण? कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर बलात्कार आणि तिचा खून झाल्यानंतर १६ ऑगस्ट २०२४ ला केंद्राच्या रुग्णालयांना आदेश निघाला की हल्ला झाल्यापासून सहा तासांत संस्थाप्रमुखाने स्वतः गुन्हा नोंदवावा. मार खाल्लेल्या डॉक्टरवर ते ओझं टाकू नये. कल्पना उत्तम. फाट्यावर मात्र संस्थाप्रमुख नसतो. पाळी संपेपर्यंत गाडी दुसऱ्या कॉलला गेलेली असते, चौकी गाठायची तर तेवढा वेळ गाडी बंद, आणि उद्या परत याच फाट्यावर, याच माणसांत यायचं असतं. म्हणून बरेच जण फाटलेला शर्ट बदलतात आणि गप्प बसतात. कराटेच्या वर्गासाठी निधी मागण्याआधी रुग्णवाहिका चालवणाऱ्या संस्थेने आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाने एवढं तरी ठरवावं : नियंत्रण कक्षात नोंदलेला हल्ला हीच तक्रार मानून पुढचं कागदपत्र त्यांनी करायचं. कॉल कधी आला, गाडी कधी निघाली, कधी पोचली, या वेळा कक्षात आधीपासूनच असतात. त्यांच्या खाली आणखी एक ओळ लिहायची आहे.

(पुढील भागात : साप चावलेल्या रुग्णाचा पहिला तास)