ऑप्शन्सची बाराखडी : उशिरा आलेल्याचा हिशेब

मागच्या भागात शॉर्ट स्ट्रॅडल पाहिला. एकाच स्ट्राइकचा कॉल आणि पुट विकायचा. निफ्टी फार हलला नाही तर प्रीमियम आपला. आता पुढची अडचण. इंदुरीहून चाकणला पहिल्या पाळीला जाणाऱ्याला सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा मोबाइल हातात घेता येत नाही. ओळखीतल्या जाणत्या माणसाने बुधवारीच सौदा केलेला असतो. पाळीवाला मात्र शुक्रवारी, दुसऱ्या पाळीच्या आधी मोकळा होतो आणि तेच स्ट्राइक टाकतो. सौदा तोच असतो का?

हिशेबासाठी आकडे धरू. बुधवारी निफ्टी 25,000 वर. त्या जाणत्याने, म्हणजे पहिल्याने, 25,000 चा कॉल आणि पुट मिळून 340 ला विकले, एक्स्पायरी पुढच्या मंगळवारी. (निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी सप्टेंबर 2025 पासून मंगळवारी असते.) त्याला ना नफा ना तोटा असे दोन अंक म्हणजे 24,660 आणि 25,340. दोन्हीकडे सारखी मोकळीक.

शुक्रवारी दुपारी निफ्टी 25,150 वर आहे. 25,000 चा कॉल 210 आणि पुट 60, म्हणजे जोडी 270 ला. पहिला 70 अंकांनी फायद्यात. आपण आता तीच जोडी विकली तर हद्दी 24,730 आणि 25,270 होतात. खाली 420 अंकांची जागा, वर फक्त 120 ची. ‘बाजार कुठेही जाणार नाही’ असा तटस्थ सौदा केला असं आपल्याला वाटतं, पण प्रत्यक्षात निफ्टी पडेल यावर आपण पैसे लावलेले असतात. पहिल्याचं मत तसं नव्हतंच.

खरी गोम स्टॉप लॉसमध्ये आहे. पहिल्याने ठरवलंय, जोडी 400 झाली की बाहेर. त्याचा तोटा 60 अंक. 65 च्या लॉटवर 3,900 रुपये. त्याच 400 वर आपण बाहेर पडलो तर 130 अंक, म्हणजे 8,450 रुपये. शिवाय जोडी 200 वर आली की नफा घ्यायचा, असं त्याचं ठरलं असेल तर त्याला 140 मिळतात, आपल्याला 70. दुप्पट जोखीम, अर्धा नफा, आणि तरी लोक म्हणतात ‘मी त्याचंच तर केलं’.

मावळात भाताची लावणी लांबली की शेतकरी शेजाऱ्याचं अंतर मोजत बसत नाही. रोप जून झालेलं असतं, म्हणून तो चुडात रोपं वाढवतो आणि चूड जवळ लावतो.

इथेही उचलायचं ते सौद्याचं गणित. पहिल्याने निफ्टीच्या त्या वेळच्या भावाचंच स्ट्राइक विकलं, तर आपणही 25,150 चंच विकावं. ती जोडी समजा 240 ला आहे. हद्दी 24,910 आणि 25,390, दोन्हीकडे सारख्या. पैसे कमी मिळतात, कारण प्रीमियमची दोन दिवसांची झीज पहिल्याने आधीच खाल्लेली आहे. ती भरून काढायला लॉट वाढवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. एक्स्पायरी जवळ आली की निफ्टीच्या थोड्याशा हालचालीने प्रीमियम जास्त उसळतो, आणि ती उसळी दोन लॉटवर दुप्पट लागते. स्टॉप लॉसही त्याच्या भावावर ठेवू नये. त्याने जमा प्रीमियमच्या साधारण 18 टक्के तोटा मान्य केला होता. तोच हिशेब 240 वर लावला तर जोडी 283 च्या आसपास बाहेर पडायचं.

पाळीवर असताना ते 283 बघणार कोण, हा प्रश्न उरतो. म्हणून मी अशा माणसाला उघडा स्ट्रॅडल सुचवणारच नाही. सोबत 25,400 चा कॉल आणि 24,900 चा पुट मिळून 70 ला विकत घेतले तर हातात 170 उरतात आणि निफ्टी कुठेही गेला तरी तोटा 80 अंक, म्हणजे 5,200 रुपये अधिक खर्च, यापुढे जात नाही. मार्जिनही कमी लागतं.

एवढं करूनही पहिल्याची एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे 70 अंकांची गादी. निफ्टी 25,250 ला गेला तर तो त्या नफ्याच्या जोरावर पुट वर सरकवत बसू शकतो. आपण तीच दुरुस्ती केली तर ती खिशातल्या पैशाने होते. सेबीच्या जुलै 2025 च्या पाहणीत 2024-25 मध्ये डेरिव्हेटिव्ह्जमधले 91 टक्के वैयक्तिक सौदेबाज तोट्यात निघाले. तेव्हा शुक्रवारी 240 पुरेसे वाटत नसतील, तर मंगळवारची एक्स्पायरी जाऊ द्यावी आणि बुधवारी नवा सौदा आपल्या भावाने करावा.