तापीकाठच्या काळ्या मातीची पन्नास वर्षं

भुसावळला रेल्वे आली ती १८६०च्या दशकात. त्याच दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. तेव्हापासून हा मुलूख बाहेर माल धाडतोच आहे. आधी कापसाच्या गाठी गेल्या, पुढे सावदा, निंभोरा, रावेरच्या स्टेशनांवरून दिल्लीकडे केळी निघाली. पिकांच्या इतिहासात आपण भाव लिहितो, वाण लिहितो, धरणं लिहितो. मालाबरोबर मातीतलं काय गेलं आणि काय परत आलं, हे मात्र लिहायचं राहून जातं. गेल्या पन्नास वर्षांकडे मला त्याच अंगाने पाहायचं आहे.

कापसाच्या धाग्यातून मातीचं फारसं काही जात नाही. तो जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणजे हवा, पाणी आणि उन्हाची कमाई. नत्र, स्फुरद असतं ते सरकीत. सरकीची ढेप गावातल्याच गाईम्हशींच्या दावणीला जायची, तिचं शेण उकिरड्यावर आणि उकिरडा वैशाखात बैलगाडीने रानात. ज्वारीचा कडबाही याच वाटेने फिरून यायचा. कपाशीत तुरीच्या ओळी असत, मूग-उडदाचा बेवड मिळे. उत्पन्न आजच्या मानाने तुटपुंजं होतं, त्यात मन रमवण्यासारखं काही नाही. पण गेलेल्यातलं बरंचसं परत येत होतं, हेही खरं.

शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी फड पद्धत होती. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि गावाच्या रानाचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फेरपालट करायची आणि पाणी कमी असेल तर एखादा फड सरळ पडीक ठेवायचा. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. तीनशेहून अधिक वर्षं चाललेल्या या व्यवस्थेचं कौतुक पाणीवाटपासाठी होतं. मला तिच्यातली मोठी गोष्ट वाटते ती जमिनीला सक्तीने मिळणारी विश्रांती, कारण ती एकट्या शेतकऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नव्हती.

१९७२च्या दुष्काळाने सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे वळवलं आणि ते वळणं साहजिकच होतं. जळगाव जिल्ह्याचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे. काळी माती पाणी भरपूर धरते, पण धरलेलं सगळं पिकाला देत नाही. ती सुकली की भेगाळते आणि खोलवरची ओल त्या भेगांतून उडून जाते. बांधबंदिस्तीचा कायदा १९४२चा, पण गावोगाव बांध आणि नालाबंडिंग लोकांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं ते दुष्काळी कामांतून आणि पुढे रोजगार हमीतून. मग १९८२मध्ये हतनूर पूर्ण झालं. तापी-पूर्णेच्या संगमाखालचं हे ४१ दरवाजांचं धरण, त्याचा कालवा रावेर, यावल, चोपड्याच्या रानांत गेला. विजेचे पंप आधीच आले होते. केळी वाढली ती या दोन्हींच्या जोरावर.

तेव्हा केळीला मोकाट पाणी द्यायचे. आळी तुडुंब भरायची, दोन दिवस चिखल, मग आठवडाभरात भेगा. पांढरी मुळी एकदा गुदमरायची, एकदा तडकायची. युरिया मुठीने टाकला की त्यातला मोठा वाटा पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरून जायचा. सातपुड्याच्या पायथ्याशी गाळाचे खोल थर आहेत, त्यांतलं पाणी लोकांना न संपणारं वाटलं. विहिरी आटल्या, बोअर आले, बोअर खोल खोल गेले. भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात रावेर आणि यावल ही नावं वारंवार अतिशोषितांच्या यादीत आली. महाराष्ट्रातल्या सर्वांत श्रीमंत केळीपट्ट्याची ही दुसरी ओळख आहे.

ठिबक आलं ते इथे, जळगावातच. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते शेतकऱ्यांपुढे ठेवलं आणि नव्वदीत उतिसंवर्धित ग्रँड नैनची रोपंही आली. ठिबक म्हणजे फक्त पाण्याची बचत, हा समज अपुरा आहे. चालू ठिबकच्या नळीखाली खुरप्याने माती बाजूला सारून पाहा. ड्रीपरच्या खाली कांद्याच्या आकाराचा ओला गोळा तयार झालेला असतो, वर निमुळता, खाली फुगीर. त्याच्या कडेला, जिथे ओल आणि हवा दोन्ही आहेत, तिथे पांढऱ्या मुळ्यांची जाळी दिसते. चिखल नाही आणि भेगही नाही. जुने लोक ज्याला वाफसा म्हणतात, तो आठ-दहा दिवसांतून कधीतरी यायचा. ठिबकने तो रोजचा केला. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी पुरतं आणि खत त्याच नळीतून, लहान लहान हप्त्यांनी, थेट त्या मुळ्यांपाशी जातं.

फरक डोळ्यांनी दिसला. जुनी बसराई जातीची केळी तोडणीला दीड वर्ष घ्यायची, ग्रँड नैन साधारण वर्षभरात मोकळी होऊ लागली. पूर्वी १५ किलोच्या घडावर समाधान होतं, आता २५ किलोच्या वरची रास ही चांगल्या बागेची साधी अपेक्षा झाली. खानदेशातल्या शेतकऱ्याने हे कष्टाने आणि हिशेबाने मिळवलंय, त्याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण घड मोठा झाला तसा मातीतून जाणारा वाटाही मोठा झाला, आणि केळी म्हणजे कापसाचा धागा नव्हे. केळी हे पालाशाचं खादाड पीक. शिफारशीत झाडाला नत्र २०० ग्रॅम, तर पालाशही तितकंच, २०० ग्रॅम. पाच बाय पाच फुटांवर एकरी सतराशेच्या वर झाडं बसतात, म्हणजे दोन्हीही एकरी साडेतीनशे किलोंच्या घरात. काळ्या मातीत मुळात पालाश भरपूर, म्हणून कितीतरी वर्षं ते कुणाला खुपलं नाही. १ एप्रिल २०१०पासून केंद्राने खतांचं अनुदान अन्नद्रव्यांवर बांधलं आणि युरिया त्यातून वगळला. पुढच्या दोन वर्षांत डीएपी आणि पोटॅशचे भाव कडाडले, युरिया स्वस्तच राहिला. माणूस स्वस्ताकडे वळतो. पानं हिरवीगार दिसली की बाग चांगली, असा डोळ्यांना लागलेला चष्मा उतरायला फार काळ गेला.

१९ फेब्रुवारी २०१५ला मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. पत्रिकेवर बारा आकडे असतात. त्यांतल्या सेंद्रिय कर्बाच्या आकड्याकडे सगळ्यांत कमी लोक पाहतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत आधी पाहायला हवा. आपली माती चुनखडीची, सामू आठच्या आसपास. अशा मातीत दिलेलं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं, लोह आणि जस्त असूनही मुळाला मिळत नाही. ते मोकळं करायचं काम सेंद्रिय पदार्थ आणि त्यावर जगणारे जीवाणू करतात. ओल धरून ठेवायचं कामही तेच करतात. बैलजोड्या गेल्या, गोठे रिकामे झाले, शेणखताची ट्रॉली परवडेनाशी झाली आणि उन्हाने तापणाऱ्या मातीतला कर्ब वर्षागणिक जळत राहिला. कोंबडीखत, साखर कारखान्याची मळी यांनी थोडी भर घातली, पण तीही विकतची.

आणि घरचं मात्र आपण फेकत होतो. घड उतरला की केळीचं खोड तोडून बांधावर किंवा रस्त्याकडेला टाकायचं, सुकलं की पेटवायचं. त्या खोडात पालाश खच्चून भरलेलं असतं. कपाशीच्या पऱ्हाट्यांचंही तेच, उपटा आणि पेटवा. इथे मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत रीत बदलते आहे. पिलबाग धरणारे शेतकरी आईच्या झाडाचं खोड कमरेएवढं उभं ठेवतात, त्यातला रस पिलाला मिळतो. बाग मोडताना खोडांची जागेवर कुट्टी करून ती रोटाव्हेटरने मिसळली जाते. २०१७ला गुलाबी बोंडअळीने कपाशी झोपवली, त्यानंतर फरदड न ठेवता पऱ्हाट्यांची कुट्टी करण्याला जोर आला. अळीचा मुक्काम मोडतो आणि मातीला चाराही मिळतो. कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्या, हे अनेक वर्षं सांगत आले. २०१८मध्ये सुरू झालेल्या राज्य सरकारच्या पोकरा प्रकल्पाने शून्य मशागत आणि रुंद वरंबा-सरी जळगावच्या कोरडवाहू गावांपर्यंत नेली.

पाण्याची मोठी कामंही थांबलेली नाहीत. शिरपूर तालुक्यात २००४पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून बंधारे बांधले. त्यावर तज्ज्ञांचे आक्षेपही आले, पण त्या तालुक्यातल्या विहिरींना पाणी आलं. मे २०२५मध्ये तापीच्या महाकाय पुनर्भरण प्रकल्पासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा करार झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी मुरलं तर यावल-रावेरला ते संजीवनी ठरेल आणि ते लवकर व्हावं. पण आलेलं पाणी धरणारी माती वर नसेल, तर तेही आपण दहा वर्षांत उपसून टाकू.

पाणी धरणारी माती घडवायचा एक सोपा उपाय राहतो, तो म्हणजे हिरवळीच्या खताचा ताग. मृगबाग लावण्याआधी ताग पेरायचा, फुलोऱ्यात आला की गाडायचा. दीड महिन्याचं काम, बियाण्याचा खर्च किरकोळ, आणि नत्र-कर्ब दोन्ही घरचं. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी ताग फार थोड्या रानांत दिसतो. कारण केळीपट्ट्यातली कितीतरी जमीन खंडाने केली जाते आणि खंड तोंडी, वर्षा-दोन वर्षांचा. कूळ लागेल या धास्तीने मालक लांबचा करार करत नाही आणि ज्याला पुढच्या वर्षी ते रान मिळेलच याची खात्री नाही, तो दुसऱ्याच्या मातीत ताग का गाडेल? ठिबकच्या नळ्या तो गुंडाळून नेऊ शकतो, कर्ब नेऊ शकत नाही. खंडाचा करार लेखी, पाच वर्षांचा आणि मालकाच्या हक्काला धक्का न लावणारा असावा. सुरुवातीची पत्रिका त्याला जोडावी, पाचव्या वर्षी पुन्हा नमुना काढावा आणि कर्ब वाढला असेल तर त्या प्रमाणात खंड कमी करावा. भुसावळ, यावल, रावेर या तीन तालुक्यांपासून याची सुरुवात व्हायला हवी.