बेटाच्या पोटांतलें गोडें पाणी

उष्ण कटिबंधांतलें बेट म्हटलें, कीं भरपूर पाऊस, हिरवी झाडी आणि खळाळते ओढे असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. पण बहामा द्वीपसमूहांतील सॅन साल्वादोर बेटावर पाहावें, तर तेथें नदी नाहीं, ओढा नाहीं. तळीं आहेत तीं बहुतेक खारीं. मग पडलेला पाऊस जातो कोठें?

तो जातो बेटाच्या पोटांत. हें बेट चुनखडीचें, आणि चुनखडी सच्छिद्र. तींतून मुरलेलें पाणी खालीं समुद्राच्या पाण्यास भेटतें. परंतु गोडें पाणी हलकें, म्हणून तें खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारानें तरंगत राहतें. समुद्रसपाटीच्या वर तें १ मीटर असेल, तर खालीं सुमारें ४० मीटर असावें, असा हिशेब आहे.

अमेरिकेंतील मिसिसिपी राज्य विद्यापीठाचे भूगर्भशास्त्राचे तेव्हांचे प्राध्यापक जॉन मिलरॉय यांनीं या पाण्याची करणी तेथील गुहांवरून ओळखली. टेकड्यांच्या कडेच्या या गुहा नदीनें कोरल्या म्हणाव्या, तर नदीच नाहीं. लाटांनीं फोडल्या म्हणाव्या, तर मुळांत त्यांस तोंडच नव्हतें. १९९० सालीं त्यांनीं एका सहकाऱ्यासह याचा उलगडा मांडला. गोडें आणि खारें, दोन्ही पाणी चुन्यानें संपृक्त असलें, तरी एकमेकांत मिसळतांच त्यांस आणखी चुनखडी विरघळवितां येते. भिंगाची कड बेटाच्या कांठाशीं निमुळती होते, तेथें खडक असा आंतून पोखरला जातो. पुढें टेकडीची बाजू ढासळली, कीं गुहेस दार मिळतें. आज या गुहा उंचावर व कोरड्या आहेत. कारण सुमारें सव्वा लाख वर्षांपूर्वीं समुद्र आजच्याहून सुमारें ६ मीटर वर होता, आणि त्याबरोबर गोडें पाणीही वर होतें.

हें ज्ञान निव्वळ कुतूहलाचें नव्हे. पॅसिफिक महासागरांतील गुआम बेटाचा उत्तर भागही चुनखडीचा आहे. तेथील संशोधकांबरोबर मिलरॉय यांनीं त्याचाही अभ्यास केला. बेटाच्या पिण्याच्या पाण्याचा फार मोठा वांटा तेथील भूमिगत पाण्यांतूनच उपसतात. उपशानें पातळी १ मीटर उतरली, तर कालांतरानें खालचें खारें पाणी सुमारें ४० मीटर वर सरकूं शकतें आणि विहीर मचूळ होते. पोकळ खडकांतून जमिनीवरची घाणही न गाळतां खालीं उतरते. नदी आटली, तर ती सर्वांस दिसते. हें भिंग मात्र कोणाच्या डोळ्यांदेखत आटत नाहीं. म्हणूनच अशा बेटांवर विहीर खोदण्यापूर्वीं खडकाची ओळख करून घ्यावी लागते.