'गंगेवर' जाणारा नाशिककर आणि इंग्रजीतलं 'ऑन'

नाशिककर संध्याकाळी 'गंगेवर' जातो. ही गंगा म्हणजे गोदावरी, आणि 'वर' म्हणजे पाण्यावर नव्हे. रामकुंड, घाट, सगळा परिसर त्यात आला. सप्तशृंगीच्या दर्शनाला 'गडावर' जायचं, ज्योतिर्लिंगाला मात्र 'त्र्यंबकला'. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, कानानं आलेलं असतं. नदीकाठच्या गावाला इंग्रजीही 'ऑन' लावतं: 'नाशिक इज ऑन द गोदावरी'. पण तिथं फिरायला गेलो, की ते झालं 'टू द रिव्हर'.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 साली निघालं. तेव्हापासून आपण 'वर'सारखी शब्दयोगी अव्ययं शिकतो आहोत. आपलं अव्यय नामानंतर येतं आणि नामाला बदलायला लावतं: 'घोडा' असतो, पण बसायचं 'घोड्यावर'. इंग्रजीत ते नामाच्या आधी येतं, नाम तसंच राहतं. ही अदलाबदल मुलं लवकर शिकतात. खरी अडचण कामाच्या वाटणीची आहे. 'सोमवारी', 'सकाळी', 'रात्री' या तिन्हींना आपला एकच 'ई' पुरतो. इंग्रजीत वाराला 'ऑन', सकाळला 'इन', रात्रीला 'ॲट'. आणि 'सोमवारी सकाळी' म्हणायचं तर वार वरचढ ठरतो: 'ऑन मंडे मॉर्निंग'.

आपल्याकडच्या नेहमीच्या चुका बघा. 'माझ्यावर रागावला', म्हणून 'अँग्री ऑन मी'. हवं 'विथ मी'. लग्न त्याच्याशी झालं, म्हणून 'मॅरीड विथ', हवं 'टू'. गणितात हुशार, म्हणून 'गुड इन मॅथ्स'. रूढ प्रयोग 'ॲट'चा. विषयावर चर्चा केली, म्हणून 'डिस्कस्ड ऑन'. या क्रियापदाला तर काहीच लागत नाही. सगळ्यांत चिवट आहे 'पासून'. '2019 पासून' आणि 'दोन वर्षांपासून' यांत आपण फरक करत नाही. इंग्रजीत सुरुवात सांगायची तर 'सिन्स', मुदत सांगायची तर 'फॉर'. यातली एकही चूक निष्काळजीपणाची नाही. मुलानं मराठीचा न्याय इमानानं लावलेला असतो. म्हणून नुसती लाल रेघ ओढून भागत नाही. शिक्षकांनी शेजारी मूळ मराठी वाक्य लिहून दाखवलं, तर चूक कुठून आली ते मुलाला दिसतं.

काही ठिकाणी कारण सापडतंही. पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला निघालेला माणूस 'ऑन द ट्रेन', सीबीएस बसस्थानकावरून बसनं निघालेला 'ऑन द बस', पण रिक्षात किंवा मोटारीत बसलेला 'इन'. ज्यात चढून उभं राहता येतं, चालता येतं, तिथं सहसा 'ऑन'. कुठे मात्र खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतच एकमत नाही. शनिवार-रविवारसाठी ब्रिटिश 'ॲट द वीकेंड' म्हणतात, अमेरिकन 'ऑन'. अशा जागी मुलांचे गुण कापणं मला अन्यायाचं वाटतं.

मग पाठ काय करायचं? सुटं अव्यय नव्हे, जोडी: 'अफ्रेड ऑफ', 'डिपेंड ऑन', 'इंटरेस्टेड इन'. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी परभाषिक विद्यार्थ्यांसाठी कोश केला. तो 1942 मध्ये जपानमध्येच निघाला, 1948 मध्ये ऑक्सफर्डनं छापला. कुठला शब्द वाक्यात कसा चालतो, हे त्यात दाखवलेलं होतं. त्याच्या आजच्या आवृत्त्यांत 'अँग्री' काढलं की माणसावरच्या रागाला 'विथ' किंवा 'ॲट', आणि एखाद्या गोष्टीबद्दलच्या रागाला 'ॲट' किंवा 'अबाउट', हे तिथंच मिळतं. अर्थ पाहून कोश मिटण्याआधी तेवढी ओळ वाचावी आणि वहीत अख्खं वाक्य उतरवून घ्यावं.