पन्हाळगड–पावनखिंड पदभ्रमण

कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळगड ते पावनखिंड हा सु. ५० किमी. लांबीचा पदभ्रमणमार्ग. सिद्दी जौहरचा वेढा चुकवून छत्रपती शिवाजी महाराज जुलै १६६० मध्ये, भर पावसाळ्यातील रात्री, याच मुलखातून विशाळगडाकडे गेले. पाठलाग करणाऱ्या शत्रूस घोडखिंडीत रोखून धरताना बाजीप्रभू देशपांडे यांना वीरमरण आले. तीच पुढे पावनखिंड म्हणून ओळखली गेली. त्यांच्या स्मरणार्थ विविध संस्था दरवर्षी जुलैच्या सुमारास येथे मार्गदर्शकासह पदयात्रा काढतात. वाटेत एक मुक्काम करून हे अंतर साधारणतः दोन दिवसांत तोडले जाते. मसाई पठारावरील दाट धुक्यात पायवाटा दिसेनाशा होतात, तर ओढ्यांना अकस्मात पूर येतो. त्यामुळे वाटेचा जाणकार सोबत असणे अत्यावश्यक ठरते.