अजिंठ्यावरची लाख
अजिंठ्याची काही चित्रं पिवळट-काळपट दिसतात, त्याचा सगळा दोष काळाच्या माथी मारू नका. १९२० ते २२ दरम्यान निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटू पाहणारे पोपडे चिकटवले, ते काम चोखच. पण वरून लाखेचं व्हार्निशही फिरवलं. ताजी लाख स्पिरिटमध्ये सहज विरघळते. जुनी होताना मात्र तिचे रेणू एकमेकांना जखडतात, ती पिवळी पडते, धूळ-काजळी धरते आणि स्पिरिटलाही सहजी दाद देत नाही. जोर लावावा, तर कोरड्या गिलाव्यावरचा मूळ रंगच निघायचा! म्हणून आज जतन करणारे आधी विचारतात: लावलेलं उद्या काढता येईल का? घरच्या जुन्या चित्रावर व्हार्निश मारण्याआधी तुम्हीही हे विचारा.